शिडाच्या बोटीतील छोट्या इंजिनावर जादा उपकरणे चालवताना या चुका टाळा

शिडाच्या छोट्या बोटीतील इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन मुळात बोट पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवण्यासाठी असते. त्याच्याच पुढच्या पुलीवरून मोठा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे वीज-जनित्र), फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा तळाचे पाणी उपसणारा पंप चालवला की काही काळाने तक्रारी सुरू होतात आणि दोष उपकरणाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा इंजिनाकडून शक्ती घेण्याच्या पद्धतीत असते, म्हणूनच नवा अल्टरनेटर बसवूनही तीच तक्रार पुन्हा येते.

पहिली चूक हिशेबाची. इंजिनाची 12 अश्वशक्ती मिनिटाला 3600 फेऱ्यांवर मिळत असेल, तर 1000 फेऱ्यांवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच धरला तरी सुमारे 3.3 अश्वशक्तीच्या पुढे आकडा जात नाही. अल्टरनेटरकडून 14 व्होल्टला 100 अँपिअर घ्यायचे म्हणजे 1400 वॅट, आणि निम्मी शक्ती उष्णतेत जाते असे धरले तर इंजिनावरचा भार पावणेचार अश्वशक्तीच्या आसपास येतो. कमी वेगाला अल्टरनेटर पूर्ण प्रवाह देत नाही हे खरे. परंतु त्याच वेळी कॉम्प्रेसरचा क्लच लागला, तर इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते किंवा बंद पडते. त्यामुळे चार्जिंग करताना इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि इंजिन गरम होईपर्यंत जादा भार लावू नये.

सर्वाधिक त्रास देतो तो पट्टा. सुमारे 10 मिलिमीटर रुंदीच्या एकाच व्ही-पट्ट्यावर 100 अँपिअरचा अल्टरनेटर टाकणे ही चूक वारंवार आढळते. पुलीभोवती काळी भुकटी साचलेली दिसली आणि पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर तो घसरतो आहे हे नक्की. अशा वेळी तो अधिक आवळण्याचा मोह होतो. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर त्या ताणाने पंपाचे बेअरिंग जाते, आणि पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर इंजिनाचे थंड होणेही थांबते. जादा उपकरणासाठी स्वतंत्र पुली आणि रुंद, अनेक खाचांचा पट्टा घेणे हाच टिकाऊ उपाय आहे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे, आणि नवा पट्टा काही तास चालल्यावर त्याचा ताण पुन्हा तपासावा.

जागेअभावी पंप किंवा कॉम्प्रेसर बोटीच्या आडभिंतीवर बसवण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण तो टाळावा. इंजिन रबरी माउंटवर हलत असते आणि भिंत स्थिर असते. त्यामुळे दोन्हींमधला पट्टा सतत ताणला-सैलावतो आणि अखेर निसटतो. उपकरण इंजिनावरच, दोन बाजूंनी आधार असलेल्या जाड ब्रॅकेटवर बसवावे, कारण एक-दोन सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने पातळ ब्रॅकेटला तडे जातात.

लिथियम बॅटरीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ती जवळपास भरेपर्यंत पूर्ण प्रवाह ओढत राहते, तर अल्टरनेटरचा पंखा कमी फेऱ्यांना पुरेशी हवा देत नाही. म्हणून तापमान पाहून प्रवाह कमी करणारा रेग्युलेटर आवश्यक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचा स्विच कधीही बंद करू नये. व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरमधले डायोड जळतात.

रबरी इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) पंप इंजिनाला जोडला असेल, तर पाणी संपताच क्लच सोडावा, कारण कोरडा चाललेला इम्पेलर थोड्याच वेळात फाटतो. तसेच शिडांवर जाताना बोट एका अंगावर खूप कललेली असेल, तर केवळ चार्जिंगसाठी इंजिन सुरू करू नये: समुद्राचे पाणी घेणारे तोंड पाण्याबाहेर येऊ शकते आणि तेलाचा पंपही हवा ओढू शकतो. किती कलापर्यंत इंजिन चालवावे याची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावी, आणि कल त्याहून अधिक असेल तर आधी शीड कमी करून बोट सरळ करावी.