क्रूझने निराशा केली, तर त्याच कंपनीकडे पुन्हा जावे का?

राग ओसरल्यावरच हा निर्णय घ्यावा आणि त्याआधी प्रत्येक तक्रार जहाजाची होती, हवामानाची होती की आपल्याच निवडीची, हे कागदावर वेगळे करून पाहावे. वादळी हवेमुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो. त्याबद्दल कंपनीला दोष देणे मला योग्य वाटत नाही. केबिन फार हलत असेल, तर पुढच्या वेळी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात.

आमच्या सफरीत मात्र न्हाणीघराच्या जाळीतून तिन्ही दिवस पाणी वर येत होते आणि आईला ओल्या फरशीवर जपून पाऊल टाकावे लागत होते. चार वेळा सांगूनही कोणी फिरकले नाही. बिघाड कोठेही होतो; परंतु तो कळल्यावर कर्मचारी कसे वागतात, यावरच माझ्या मते सगळे ठरते. म्हणून छायाचित्रांसह लेखी तक्रार करावी आणि उत्तर पाहावे. नेमके कारण सांगून भरपाई दिली, तर विचार करावा. केवळ पुढच्या बुकिंगवर सवलत दिली, तर तिची मुदत, बंदर शुल्क आणि पुण्याहून मुंबईपर्यंतच्या सुमारे १५० किलोमीटर प्रवासाचा खर्च धरून हिशेब करावा. टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते.

पुन्हा जायचेच ठरले, तर त्या कंपनीचे दुसरे जहाज आणि दोन रात्रींचीच सफर निवडावी.