कुलू खोऱ्यात थंडीतले दोघांचेच लग्न: बेळगावहून निघण्यापूर्वीची तयारी

मंडप, वाजंत्री आणि पंगती टाळून दोघांनीच हिमाचलात जाऊन थंडीत लग्न लावण्याचा बेत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता नवलाचा राहिलेला नाही. मात्र त्यासाठी ज्या याद्या हाती येतात त्यांत रंगीत धुराच्या नळकांड्या असतात आणि ज्यावाचून खरोखर अडते ते नसते. या यादीतली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगणार आहे: ज्या जागी लग्न लावणार त्या नेमक्या जागेवरचे ऊन त्या महिन्यात किती वाजता जाते, हे मुहूर्त धरण्यापूर्वी विचारून घ्यावे. मुहूर्त धरल्यानंतर विचारून उपयोग नाही.

आपल्याकडे गोरज मुहूर्त सोयीचा मानतात, कारण ऊन उतरलेले असते आणि कामावरून सुटलेली माणसे अक्षता टाकायला पोहोचतात. डिसेंबरच्या अखेरीस बेळगावात सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो, तर मनालीत तो पाच-वीसच्या सुमारास, म्हणजे पाऊण तास आधी. एवढे कुठलाही फोन सांगतो. फोन जे सांगत नाही ते असे की हा सूर्यास्त सपाट क्षितिजावरचा असतो, आणि खोऱ्यात क्षितिजाच्या जागी डोंगर उभा असतो. बियास नदी तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या उजव्या म्हणजे पश्चिमेच्या काठावर जुनी मनाली आणि १५५३ सालचे हिडिंबा मंदिर आहे. पश्चिमेचा डोंगर पाठीशीच असल्यामुळे त्या बाजूला सकाळी छान ऊन पडते आणि दुपारी ते लवकर उठते. डाव्या काठावरचे नग्गर पश्चिमेकडे तोंड करून वसलेले आहे, तिथे ऊन उशिरा येते पण दुपारी जास्त वेळ टिकते. डिसेंबरात दुपारी तीनला सूर्य या खोऱ्यात जेमतेम बावीस-तेवीस अंश वर असतो, त्यामुळे सूर्याच्या बाजूचा डोंगर तेवढा उंच दिसत असेल तर तीनलाच दिवस संपला असे समजावे.

आमच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त गोरज होता आणि जागा उजव्या काठावरची. मंगळसूत्राची कडी नवऱ्याच्या बधिर बोटांना लागेना, कुंकवाने ओलसर असलेल्या अक्षता एकमेकींना धरून गोळ्यासारख्या पडल्या, आणि टिळकवाडीहून व्हिडिओ कॉलवर आई "अगं, अंतरपाट धरलाय का नाही, काय दिसेनाच झालंय" असे शेवटपर्यंत विचारीत राहिली. तेव्हा हॉटेलवाल्याला सूर्यास्ताची वेळ विचारू नका, तो फोनमध्ये बघून सांगेल. "इसी जगह पर धूप कब तक रहती है" असे विचारा, आणि त्याच जागेचे दुपारी एक, दोन व तीन वाजताचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. फोटो पाठवायला कुणी कुरकुर करीत असेल तर ती जागा सोडा.

दुसरी बाब कायद्याची, आणि ती निघण्याच्या दोन महिने आधी सुरू होते. वय मुलाचे २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे, हे सर्वांना ठाऊक आहे. दोघांचे धर्म वेगळे असतील किंवा विधी करायचेच नसतील, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात सलग किमान ३० दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, हरकतींसाठी ३० दिवस जातात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती बाद होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. मुलगी चंदगडची आणि मुलगा खानापूरचा असेल तर कोल्हापूर किंवा बेळगाव, दोन्ही जिल्हे चालतात. कुलू चालत नाही, कारण तिथे तुमचे वास्तव्य नाही. म्हणून हे लग्न इथेच, तीन साक्षीदारांसमोर उरकावे आणि डोंगरात फक्त सोहळा करावा. गुपचूप करण्याचा विचार असेल तर फलकाचे लक्षात ठेवा. तो वाचणारा कुणाचा तरी मामा आपल्या गावात असतोच.

दोघेही हिंदू असतील आणि सप्तपदीसह विधी होणार असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे डोंगरात लागलेले लग्नही वैध असते आणि परत आल्यावर त्याची नोंदणी करता येते. मात्र विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून "फोटोपुरते चार फेरे घेऊ" ही भाषा सोडून द्यावी. विधी नीट करावा आणि त्याचे स्वच्छ फोटो ठेवावेत. फोटोला उजेड लागतो. उन्हाची वेळ विचारली का?

कागदपत्रांत सीमाभागाचे म्हणून एक दुखणे आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव देवनागरीत, आधारवर कन्नड आणि इंग्रजीत, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे आणि वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर, आणि महाराष्ट्रात शिकलेल्या जोडीदाराचे मात्र तिन्ही नावे सरळ. कार्यालयातल्या माणसाला ही दोन वेगळी माणसे वाटतात, आणि त्याचे वाटणे तुम्ही तिथे उभे राहून बदलू शकत नाही. सगळे कागद एका दुपारी टेबलावर मांडून एकेक अक्षर जुळवावे, आणि फरक असेल तर वकिलाकडून प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे. घरून नुसता रुसवा नसून जिवाला धोका असेल, तर ही यादी बाजूला ठेवून आधी वकील आणि पोलीस गाठावेत. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात राज्यांना निर्देश दिलेले आहेत.

तारीख धरताना बर्फ आणि पंचांग यांची ओढाताण होते. १६ डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो आणि संक्रांतीपर्यंत तिकडचे पुरोहितही लग्न लावायला सहसा तयार होत नाहीत. डिसेंबरच्या आरंभी मुहूर्त मिळतील पण मनाली गावात बर्फ असेलच असे नाही. संक्रांतीनंतर बर्फाची शक्यता चांगली, आणि रस्ता बंद होण्याचीही तेवढीच. मला विचाराल तर फेब्रुवारी बरा, कारण दिवस थोडा मोठा झालेला असतो. तरीही ऊन विचारायचेच. पुरोहित तिकडचा घ्यावा, पण त्याला अंतरपाट आणि मंगलाष्टके ही आपली पद्धत ठाऊक नसते. घरच्या भटजींच्या आवाजात मंगलाष्टके फोनवर उतरवून घ्यावीत, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते म्हणून तो फोन अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवावा.

प्रवासाला गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट हजरत निजामुद्दीनला नेते, पण उत्तरेकडच्या धुक्यात त्या दिवसांत गाड्या कितीही उशिरा पोहोचू शकतात, म्हणून त्याच रात्रीची मनालीची बस धरण्याचे धाडस करू नये. कुलूजवळच्या भुंतर विमानतळाचे विमान हवामानावर अवलंबून असते, त्यावर मुहूर्त टांगू नये. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी पोहोचावे. पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी दोघांनी लग्नाच्या जागेवर, लग्नाच्याच वेळेला, घड्याळ घेऊन उभे राहावे आणि सावली डोक्यावरून केव्हा जाते ते पाहावे. विधी सावली येण्याच्या निदान दोन तास आधी सुरू व्हायला हवा, कारण पुरोहित उशिरा येतो, होम पेटायला वेळ लागतो आणि साडी नेसायला तर लागतोच. सकाळी रस्त्यावर पातळ, न दिसणारा बर्फ असतो, म्हणून दहाच्या आधी गाडी मागवू नये. अकरा ते एक ही वेळ उत्तम. या वेळेत मुहूर्त निघत नसेल तर जागा बदला.

कपड्यांत नऊवारीसारखे सोयीचे काही नाही, कारण काष्ट्याखाली लोकरीचे जाड आतले कपडे घातले तरी कुणाला दिसत नाहीत. शहापूरची साडी असेल तर उत्तम, झुळझुळीत शिफॉन नको. चोळीच्या बाह्या लांब शिवाव्यात. थंडीत बोटे बारीक होतात आणि अंगठी सुटून बर्फात पडली की मिळत नाही, तेव्हा माप थोडे घट्ट ठेवावे. जोडवी मात्र खोलीत आल्यावर घालावीत. सप्तपदीला अनवाणी बर्फावर उभे राहणे हे फोटोवाल्याचे खूळ आहे, त्याला थेट नकार द्यावा आणि घरून धनगरी घोंगडे न्यावे, ते पायाखाली आणि नंतर खांद्यावर, दोन्हीकडे उपयोगी पडते. सुपारी, नारळ, हळकुंडे, मुंडावळ्या आणि मंगळसूत्र घरून न्यावे. तूप गोठून दगड होते, ते गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून आणावे. अक्षता कोरड्या ठेवाव्यात. देवदाराच्या रानात होम पेटवू नये. हॉटेलच्या अंगणात परवानगी घेऊन पेटवावा. आणि ते अंगण कुठल्या काठावर आहे, तिथले ऊन कधी जाते, हे विचारले का?

खोलीबद्दल थोडक्यात. रात्री नळाचे पाणी गोठते, बादली भरून ठेवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून झोपू नये; त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. हॉटेलवाला प्रेमाने आणून देईल, तरी नाही म्हणावे. सर्दी-तापाची औषधे, व्हॅसलीन, टॉर्च.

बरोबर कुंदा न्यावा, मांडे नेऊ नयेत, चुरा होतो.

परतल्यावर आठवडाभरातच नोंदणी उरकावी. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी २.० या संकेतस्थळावर अर्ज, वय व पत्त्याचे पुरावे, विधीचे फोटो, आणि तीन साक्षीदार. पत्रिका मागतात, दोघांच्याच लग्नाला कसली पत्रिका असे म्हणून चालत नाही, जाण्यापूर्वीच पाच-दहा छापून घ्याव्यात. पुरोहिताकडून तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली सहीची चिठ्ठी तिथेच घ्यावी, नंतर तो फोन उचलत नाही. बँक, पॅन वगैरे दाखला हातात आल्यावर.