आयरिश कैद्याचा माग सोलापुरात बसून कसा काढायचा

आमची सून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या होबार्टची. तिच्या घराण्यातली एक बाई आयर्लंडमधून काळ्या पाण्यासारखी शिक्षा होऊन तिकडं आली होती म्हणे, तेव्हापासून मी इथं सोलापुरात बसून त्या बाईचा माग काढतेय. तुमची पण सोयरीक तिकडं जुळली असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी नावामागं धावू नका, जहाज शोधा. आपल्याकडं सिद्धाराम म्हणून हाक मारली की अर्धी गल्ली वळून बघते ना, तसंच मेरी केली नि जॉन मर्फी तिकडं ढिगानं सापडतात, म्हणून सरकारी कागदात कैद्याच्या नावासोबत जहाजाचं नाव पण लिहायचे. साल कळलं तर कागद ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या राज्याच्या ऑफिसात शोधायचे ते पण कळतं, कारण न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं १८४० ला थांबलं, टास्मानियाला १८५३ ला आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला शेवटचं जहाज १८६८ ला पोचलं. स्पेलिंगवर अडू नका, ओ'रायलीचं नुसतं रायली झालेलं असतं.

मग आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजचा फ्री डेटाबेस बघा, गुन्हा काय, खटला कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), शिक्षा ७ वर्षं का १४ का जन्मठेप, हे तिथं मिळतं. १८३६ च्या आधीची रजिस्टरं मात्र १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या सरकारी इमारतीच्या आगीत गेली, त्यामुळं माणूस त्याआधीचा असला तर दयेचे अर्ज, म्हणजे शिक्षा माफ करा नायतर कमी करा म्हणून केलेले, चाळायचे. हे अर्ज मन लावून वाचा, घरात किती लेकरं, कमावणारं कोण, सगळं त्यात येतं.

टास्मानियाला गेलेल्यांचं तर नशीबच, लायब्ररीज टास्मानियाच्या साइटवर मूळ कागदाचे स्कॅन फुकट दिसतात. उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे व्रण, हातावर काय गोंदलंय, आणि त्याखाली कुणाकडं कामाला होती, कधी दारू प्याली, कधी न सांगता गेली, किती दिवस एकांतकोठडी, ओळीनं लिहिलेलं असतं. अक्षर लई गिचमिड आणि शब्द तोडून लिहिलेले, म्हणून मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघा.

पुढं लग्नाच्या परवानगीचा अर्ज शोधा, शिक्षा चालू असताना परवानगीशिवाय लग्न करता येत नव्हतं. मुदत भरलेल्याला सुटकेचं सर्टिफिकेट मिळायचं, जन्मठेपवाल्याला मात्र माफीच लागायची, म्हणून त्याचं सर्टिफिकेट शोधत बसू नका, माफीचे कागद बघा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची ट्रोव्ह ही साइट आहे, ते पण फुकट.

मृत्यूच्या दाखल्यावर आईबापाची नावं निघाली तर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर कॅथलिक चर्चची बारशाची रजिस्टरं उघडा, काउंटी माहीत असली की तिथून गावापर्यंत पोचता येतं.