लावणी उरकली, टिलर उभा करताय? आधी टाकीतल्या इंधनाचं बघा

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची लावणी आता संपत आली, म्हणजे पॉवर टिलर धुऊन पडवीत नाहीतर ताडपत्रीखाली जाणार आणि थेट भात कापल्यावर भेंडी-काकडीच्या तयारीलाच बाहेर निघणार. मधल्या महिन्यांत आपल्याकडची हवा एवढी दमट असते की टाकी अर्धी राहिली तर आतल्या पत्र्याला घाम सुटतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं. फ्युएल पंप आणि नोझलला वंगण डिझेलचंच असतं, त्यात पाणी गेलं की आतले भाग गंजतात आणि तो खर्च ऐन हंगामात अंगावर येतो.

म्हणून टिलर उभा करताना आधी तळाचा नट सैल करून पाणी-गाळ काढा, मगच टाकी भरून ठेवा. शंका असेल तर थोडं डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, सकाळी पाणी खाली वेगळं दिसतं. पाणी आणि डिझेल जिथे मिळतं तिथे जंतू वाढतात, काळपट बुळबुळीत थर धरतो आणि फिल्टर चोक होतो. त्यावर बायोसाइड (जंतू मारणारं औषध) मिळतं आणि ते काम करतं, पण मेलेला थर शेवटी फिल्टरमध्येच येऊन अडकतो, तेव्हा नवा फिल्टर हाताशी ठेवा आणि बदलल्यावर इंधनाच्या नळीत अडकलेली हवा (एअर) काढा.

दुकानात इंधनात मिसळायच्या औषधांच्या, म्हणजे अ‍ॅडिटिव्हच्या, बाटल्या खूप दिसतील, सगळ्या घेऊ नका. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून जे अ‍ॅडिटिव्ह असतं त्याचा ठाणे जिल्ह्यात काहीच उपयोग नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 (कमी प्रदूषणाच्या सरकारी निकषाचं) डिझेल आलं, त्यात सल्फर 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) आत असतो, सल्फर काढताना वंगण कमी होतं हे खरं, पण ते भरून काढायची सोय रिफायनरीतच करतात, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी बाटली लागत नाही. आणि कृपा करून रॉकेल मिसळू नका, त्याने वंगण अजून कमी होऊन पंप झिजतो.

पेट्रोलवाल्या मशीनचं वेगळं आहे. ग्रासकटर, फवारणी पंप, छोटा पाणी पंप, यांच्यात आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जातं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल ते घेऊन तळाशी वेगळं होतं. असं पेट्रोल कुठल्याच अ‍ॅडिटिव्हने परत नीट होत नाही, काढूनच टाकावं लागतं. महिनाभर मशीन लागणार नसेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरमध्ये थेंब राहिला नाही की चिकट गम धरत नाही. मधेमधे मशीन लागणारच असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध) घ्या, पण तो ताज्या पेट्रोलमध्येच टाकायचा, जुन्यात टाकून फायदा नाही, आणि टाकल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा म्हणजे औषध कार्बोरेटरपर्यंत पोचेल.

माप बाटलीवर लिहिलंय तेवढंच, झाकणभर जास्त टाकून इंजिन जास्त सुरक्षित होत नाही. टू-स्ट्रोक ग्रासकटरला ऑइल किती ते मशीनच्या पुस्तकात बघा, ऑइल-पेट्रोलचं प्रमाण 1:50 असेल तर लिटरला 20 मिली, 1:25 असेल तर 40, आणि हे मिश्रण लागेल तेवढंच बनवा, कॅन भरून पावसाळाभर ठेवू नका.