डिझेल गाडीचा हिशेब कुठे चुकतो : सोलापूरकरांनी टाळाव्यात अशा चुका

सोलापुरात डिझेल गाडीविषयीचे मत बहुधा पुण्याच्या रस्त्यावर तयार होते. राष्ट्रीय महामार्ग ६५ वरचे सुमारे अडीचशे किलोमीटर, बऱ्याच अंतरापर्यंत टिकणारा एकसारखा वेग, पाच माणसे आणि डिकीभर सामान. अशा प्रवासात डिझेल इंजिन जे अ‍ॅव्हरेज आणि जी ओढ दाखवते, ती त्याच किमतीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला जमत नाही, यात वाद नाही. मात्र हीच गाडी महिन्यातले उरलेले दिवस जुळे सोलापूर ते नवी पेठ किंवा सात रस्ता ते होटगी रस्ता अशा चार-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारत असते, आणि पुढे गॅरेजचे बिल किती येणार हे त्या फेऱ्यांवर ठरते. महिन्याला किती किलोमीटर होतात एवढेच विचारून डिझेल घ्यावे की नाही हे ठरवण्याची पद्धत त्यामुळे अपुरी आहे. ते किलोमीटर एका दमात किती होतात, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पंपावरच्या भावावर हिशेब संपवणे

हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. मध्यम आकाराची पेट्रोल गाडी प्रत्यक्ष वापरात लिटरला १४ किलोमीटर आणि तीच गाडी डिझेलमध्ये १९ किलोमीटर देते असे मानले, तर किलोमीटरमागे इंधनाचा खर्च अनुक्रमे साडेसात रुपये आणि सुमारे चार रुपये ऐंशी पैसे येतो. वाचतात ते दोन रुपये सत्तर पैसे. शोरूममध्ये बोलणे बहुधा इथेच थांबते, आणि पुढच्या तीन गोष्टी घरी आल्यावर लक्षात येतात.

पहिली गोष्ट कराची. महाराष्ट्रात खासगी मोटारीवरचा एकरकमी कर पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ टक्क्यांपासून, तर डिझेल गाडीला १३ टक्क्यांपासून सुरू होतो, आणि दहा लाखांच्या वर हे दर १२ आणि १४ टक्के होतात. साडेअकरा लाखांच्या पेट्रोल गाडीचा कर १ लाख ३८ हजार रुपये होतो. तीच गाडी डिझेलमध्ये १२ लाख ९० हजारांची असेल तर कर १ लाख ८० हजारांच्या पुढे जातो. म्हणजे जाहिरातीत दिसणारा १ लाख ४० हजारांचा फरक पासिंग होऊन गाडी दारात येईपर्यंत विमा धरून १ लाख ८५ हजारांच्या आसपास गेलेला असतो. पेट्रोल मॉडेल दहा लाखांच्या आत आणि डिझेल मॉडेल बाहेर असेल, तर ११ टक्क्यांवरून थेट १४ टक्क्यांवर उडी पडते, कारण वरचा दर संपूर्ण किमतीला लागतो.

दुसरी गोष्ट व्याजाची. हे वाढीव १ लाख ८५ हजार पाच वर्षांच्या कर्जात ९ टक्क्यांनी घेतले, तर त्यावरच सुमारे ४५ हजार रुपये व्याज जाते. तिसरी गोष्ट सर्व्हिसिंगची. डिझेल इंजिनाला ऑइल जास्त लागते, डिझेल फिल्टर ठरावीक अंतराने बदलावा लागतो, बॅटरी मोठी असते. वर्षाला तीन ते पाच हजारांचा फरक धरणे शहाणपणाचे.

आता दोन कुटुंबे घ्या. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाची वर्षाची निव्वळ बचत साडेसोळा हजारांच्या आसपास राहते, आणि व्याजासह २ लाख ३० हजार भरून निघायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात. नोंदणीची मुदतच पंधरा वर्षांची असते. महिन्याला १,८०० किलोमीटर चालवणाऱ्या, म्हणजे दर आठवड्याला विजयपूर, पंढरपूर किंवा कलबुर्गीकडे कामानिमित्त जाणाऱ्या माणसाला तीच रक्कम साडेचार वर्षांच्या आत परत मिळते. दोघांनाही एकच सल्ला देणारा विक्रेता एकाचे नुकसान करतो, हे उघड आहे.

या हिशेबात जुने आकडे मात्र वापरू नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला असून चार मीटरच्या आतली आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांच्या टप्प्यात आली आहे, तर त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के लागतात. त्याआधीच्या किमतींवर केलेली तुलना आज उपयोगाची नाही. तसेच पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज धरताना पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे हे लक्षात घ्यावे; इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला नावे ठेवणे थोडे धाडसाचे आहे, पण तुलनेत हा घटक डिझेलच्या बाजूने जातो आणि तो मोजलाच पाहिजे.

इंजिनाचा आकार विम्यात विसरणे

थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर त्यापुढच्या इंजिनाला ७,८९७ रुपये लागतात, जीएसटी वेगळा. दीड लिटरची बहुतेक डिझेल इंजिने या रेषेच्या किंचित आत असतात आणि दोन लिटरची बाहेर. मोठी गाडी घेताना हा दुपटीहून जास्त दर दरवर्षी भरायचा आहे.

डीपीएफचा दिवा दुर्लक्षित करणे

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीची बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींमध्ये सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, आली. मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बंद केल्या. विश्वासार्हतेच्या तक्रारींमध्ये आज सर्वांत जास्त गैरसमज या एका भागाभोवती आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

गाळणीत साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते, आणि ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. ही क्रिया पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. शाळेपर्यंत, मंडईपर्यंत आणि परत एवढाच वापर असेल तर इंजिन नीट तापण्याआधीच चावी फिरते. जाळण्याचे काम अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. दर वेळी सोडलेल्या जादा डिझेलपैकी काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली, तर ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून समाधान मानू नये. ते पातळ झालेले ऑइल आहे आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा भाग) व बेअरिंगसाठी ते धोक्याचे आहे.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागल्यावर लगेच गॅरेजला पळण्याचीही गरज नसते. इतर कोणताही दिवा लागलेला नसेल, तर गाडी तुळजापूर किंवा पुणे रस्त्यावर न्यावी आणि एक गिअर खाली ठेवून, इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर राहील अशा बेताने, वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवावी. टाकीत पुरेसे डिझेल असावे, कारण टाकी रिझर्व्हला असताना अनेक गाड्या ही क्रिया सुरूच करत नाहीत. आयडलचा वेग वाढणे, चावी काढल्यावरही पंखा फिरत राहणे, जळका वास येणे आणि तेवढ्यापुरते अ‍ॅव्हरेज पडणे ही क्रिया चालू असल्याची लक्षणे आहेत. तशात शक्यतो गाडी बंद करू नये. दिवा लुकलुकू लागला किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला, तर मात्र महामार्गाचा उपाय सोडून अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे.

इथे आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना. हुरड्याच्या दिवसांत गाड्या थेट शेतात जातात आणि लांबचा प्रवास करून आलेली गाडी कडब्याच्या पसाऱ्यावर किंवा उसाच्या पाचटावर उभी केली जाते. त्या वेळी गाळणी काजळी जाळत असेल तर गाडीखालचा भाग विलक्षण तापलेला असतो, आणि वाळलेले पाचट पेटायला तेवढे पुरते. गाडी मोकळ्या मातीवरच लावावी.

गाळणी काढून टाकून संगणकाची नोंद बदलून देणारे कारागीर सर्वत्र भेटतात. तो बदल बेकायदेशीर आहे, वॉरंटी त्याने जाते, आणि विक्रीच्या वेळी जाणकार गिऱ्हाईक त्याच मुद्द्यावर भाव पाडते. ज्या कुटुंबाच्या गाडीची गाळणी वारंवार तुंबते त्याने गाडी बदलावी, गाळणी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मोठ्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या डिझेल मॉडेलमध्ये, युरियाचे द्रावणही भरावे लागते. ते संपू दिल्यास गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून सूचना येताच भरावे आणि त्यात साधे पाणी कधीही मिसळू नये.

कोणतेही ऑइल, कोणतेही डिझेल

डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारे ऑइल लागते. काजळी जळून जाते, पण ऑइलातली राख जळत नाही आणि ती गाळणीत कायमची बसते. मालकाच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा डब्यावर तपासून घ्यावा. सर्व्हिसिंगमध्ये वाचलेले हजार रुपये इथे फार महाग पडतात.

शेती असलेल्या घरांत आणखी एक सवय दिसते. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतले जाते. जुन्या ट्रॅक्टरचा पंप थोडेसे पाणी आणि धूळ पचवतो. मोटारीच्या कॉमन रेल यंत्रणेत डिझेल हजार-दीड हजार बारच्या वर दाबले जाते आणि इंजेक्टरची छिद्रे केसापेक्षा फारशी रुंद नसतात. पाण्याचा थेंब तिथे पोहोचला की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जाऊ शकतात. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी पाणी काढून घ्यावे. पंपावर चुकून पेट्रोल भरले गेले तर चावीला हातही लावू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी, तेवढ्यावर बहुधा निभावते.

उन्हाळ्यातल्या चुका

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर राहतो. कूलंट कमी दिसला म्हणून बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतणे ही सर्वांत स्वस्त वाटणारी आणि रेडिएटर, पंप व सिलिंडर हेड यांना हळूहळू खाणारी चूक आहे. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या अंतरावर सोडू नये. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा तो अर्ध्या अंतरात पाहावा. महामार्गावर जोरात आलेली गाडी बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवणे टर्बोसाठी चांगले, पण देवळाबाहेर अर्धा तास एसी लावून बसणे डीपीएफसाठी तितकेच वाईट.

लक्षणांचा चुकीचा अर्थ लावणे

सकाळी गाडी उशिरा सुरू होते म्हणून लगेच ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग, बदलले जातात. सोलापूरच्या हिवाळ्यात तो संशय शेवटी घ्यावा; आधी बॅटरी, मग डिझेलच्या मार्गात हवा शिरते आहे का ते तपासावे. चढावर अचानक पिकअप गेला आणि काळा धूर दिसला, तर टर्बो गेला असे ठरवण्यापूर्वी इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) रबरी पाइप फाटला आहे का हे पाहण्याचा आग्रह धरावा. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. पांढरा धूर टिकून राहिला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय येतो आणि तशी गाडी पुढे चालवू नये. स्कॅनरने कोड न वाचता भाग बदलणारे गॅरेज डिझेल गाडीसाठी योग्य नाही.

स्वस्त जुनी गाडी

दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, आणि तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर येऊ लागल्या. भाव आकर्षक दिसतो, पण एनओसी, महाराष्ट्राचा कर, एमएच-१३ ची नवी नोंदणी आणि विम्याचे हस्तांतर धरल्यावर फरक बराच आटतो, शिवाय गाडीचा पूर्वइतिहास इथे कोणालाच माहीत नसतो. त्यापेक्षा जिल्ह्यातलीच, अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी थोडी महाग घ्यावी. १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन असलेल्या बीएस-४ गाड्या अनेक कंपन्यांनी विकल्या होत्या, त्यामुळे त्यांचे भाग आणि जाणकार मेकॅनिक अजून सहज मिळतात. मात्र क्लच, टर्बो आणि इंजेक्टर यांचा खर्च पुढे असू शकतो हे धरूनच भाव ठरवावा. बीएस-६ गाडी असेल तर आधीचा मालक ती कुठे चालवत होता हे विचारावे. सत्तर हजार किलोमीटर पुणे-हैदराबाद मार्गावर चाललेली गाडी गावातच पंचवीस हजार चाललेल्या गाडीपेक्षा बरेचदा चांगल्या अवस्थेत असते. पाहायला जाताना इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावे, ऑइलची पातळी खुणेच्या वर नाही ना ते पाहावे, आणि डीपीएफमध्ये किती काजळी साचली आहे याचे स्कॅनरवरचे वाचन विसार देण्याआधी मागून घ्यावे.