पाहुण्यांसाठी कोकम आणि स्पार्कलिंग वाइनचं थंडगार कॉकटेल

मे महिन्यात संध्याकाळी सातला मुंबईत कुणी पाहुणा दारात येतो तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि लोकलमधली गर्दी अजून चेहऱ्यावर असते. तो आधी पाणी मागतो. त्यानंतर त्याच्या हातात काय द्यायचं, याचं माझ्या घरचं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं आहे: तळाशी कोकमाचं सरबत आणि वर बर्फासारखी गार स्पार्कलिंग वाइन.

कल्पना परकी नाही. फ्रान्समध्ये ब्लॅककरंटच्या गोड लिकरवर शॅम्पेन ओततात, ते कीर रोयाल. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये पीचच्या गरावर प्रोसेक्को ओतून बेलिनी तयार झाली. त्या-त्या भागातलं फळ आणि वर फसफसणारी वाइन, एवढंच सूत्र. आपल्याकडे रंग, आंबटपणा आणि गारवा हे सगळं एकट्या कोकमात आहे, मग पीच शोधत हिंडायचं कशाला? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

वाइन कोणती घ्यावी

दुकानात शॅम्पेन मागू नका. ते नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रदेशात बनलेल्या वाइनचं आहे, आणि या कॉकटेलला तेवढा खर्च करायची गरजही नाही. आपल्याच राज्यात चांगली स्पार्कलिंग बनते. १९८०च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, वाइन बनू लागली होती. आज नाशिकची सुला आणि दिंडोरीची शांदों मुंबईतल्या बहुतेक वाइन शॉपमध्ये सापडते. दारू पिण्याचा परवाना नसेल तर एका दिवसाचा दुकानातच मिळतो, तेवढा घ्या.

लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेलं आहे ना, ते मात्र नीट बघा. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, डेमी-सेकमध्ये ३२ ते ५० ग्रॅम. आपण सरबताची साखर घालणारच आहोत. वाइनही गोड घेतली तर दुसऱ्या घोटाला तोंड चिकट होतं आणि पाहुणा ग्लास हळूच टीपॉयवर ठेवून देतो.

७५० मिलीच्या एका बाटलीत आठ ग्लास होतात. प्रत्येकी ९० मिली वाइन, २० मिली सरबत.

सरबत आदल्या रात्री

इथे घाई नको. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरू नका, आमसुलं घ्या. आगळात भरपूर मीठ असतं आणि मिठाने वाइनमधला वायू एकदम उसळतो. पहिल्यांदा मी आगळात साखर विरघळवून वर वाइन ओतली होती. गुलाबी फेस ग्लासाच्या काठावरून थेट टेबलक्लॉथवर आला, आणि ग्लासात उरलेल्या वाइनमध्ये बुडबुडा म्हणून राहिला नाही. चवही खारट. आमसुलंसुद्धा बिनमिठाची मागा. दादरला कोकणी मालाच्या दुकानात विचारलं तर काढून देतात. खारवलेलीच मिळाली तर दोन पाण्यांतून धुवून घ्या. चांगलं आमसूल बोटांनी दाबलं की मऊ लागतं आणि बोटाला जांभळट डाग पडतो. कडक, काळंकुट्ट झालेलं जुनं असतं.

साधारण २० आमसुलं २०० मिली गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवा, मग त्याच पाण्यात हाताने चांगली कुस्करा. आधी गाळणीतून गाळा आणि नंतर पातळ मलमलच्या फडक्यातून. हे दुसरं गाळणं टाळू नका. गराचा प्रत्येक बारीक कण म्हणजे बुडबुड्यांना फुटायला मिळालेली जागा, आणि ते तुमच्या पाहुण्याच्या तोंडात न फुटता ओततानाच फुटून जातात. गाळलेल्या पाण्यात १५० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत ढवळा. गॅस बंद करून गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून त्यात टाका आणि झाकण ठेवा. उकळू नका. उकळलं की गवती चहाचा वास उडतो आणि कोकमाची टवटवी जाऊन ते सारासारखं लागायला लागतं. गार झालं की पाती काढा आणि सरबत काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

चमचाभर चाखून बघा. नुसतं पिताना जरा जास्तच आंबट-गोड वाटलं पाहिजे, म्हणजे वाइनमध्ये बरोबर बसतं.

गारवा म्हणजेच बुडबुडे

वायू गार द्रवात टिकतो, कोमट द्रवातून पळतो. या पेयातली अर्धी करामत एवढीच आहे. बाटली सकाळीच फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी खोल पातेल्यात बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात बाटली तितकी गार होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला मोजक्या जागीच टेकतात. पाणी सगळीकडून भिडतं. ६ ते ८ अंश हे आपलं लक्ष्य. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते, त्या वाटेला जाऊच नका.

ग्लास उंच आणि निमुळता असला तर उत्तम, नाहीतर साधा वाइनचा ग्लास चालतो. पसरट ग्लासातून वायू लवकर निघून जातो. ग्लास गरम पाण्याने दोनदा खळबळा, कारण साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. मग ओट्यावर उपडे ठेवून निथळू द्या. फडक्याने पुसले तर धागे आत चिकटतात, आणि त्यांच्यावरही बुडबुडे फुटतात. निथळलेले ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पण कालच्या माशांच्या डब्याशेजारी नको. वाइनचा वास नाजूक असतो.

बूच काढताना

बाटलीत ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. आपल्या खोल्या लहान, डोक्यावर पंखा, समोर सोफ्यावर माणसं. म्हणून बूच उडवायचा खेळ नको.

वरचा कागद सोला. अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि तारेची कडी सहा अर्धे वेढे उलटी फिरवून सैल करा. तार काढायचीही गरज नाही. बाटलीवर टॉवेल टाका, ती ४५ अंशांत तिरकी धरा, तोंड भिंतीकडे. आता बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच वर यायला लागलं की त्याला उलट दाबून थोपवत राहा. शेवटी फटाक्यासारखा आवाज न येता हलकासा ‘स्स’ आला पाहिजे. तो आला म्हणजे वायू बाटलीतच राहिला.

ओतताना

प्रत्येक ग्लासात आधी २० मिली सरबत. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा मापाचा कप धुवून घ्या, नाहीतर चहाचे चार चमचे. ग्लास तिरका धरून दोन बोटं वाइन कडेने सोडा, फेस बसू द्या, लांब दांड्याच्या चमच्याने तळाकडून एकदाच वर उचला, मग उरलेली वाइन हळूहळू. जास्त ढवळू नका. खाली गडद लाल आणि वर फिकट गुलाबी असा रंग थोडा वेळ राहतो, तो बघण्यासारखा असतो. वर लिंबाच्या सालीची पातळ पट्टी पिळून टाका. बर्फ मी घालत नाही. आधी सगळं गार केलं असेल तर लागत नाही, आणि वितळून तो चव पातळ करतो.

एकदम आठ ग्लास भरून ट्रेमध्ये ठेवू नका. पाहुणा बसला, की त्याच्यासमोर ओता. बाटली मधल्या वेळात बर्फाच्या पाण्यातच राहू द्या.

जे पीत नाहीत त्यांना आणि मुलांना याच सरबतात गार सोडा घालून त्याच ग्लासांत द्या. मावशीच्या हातात स्टीलचा पेला आणि बाकीच्यांच्या हातात काचेचे ग्लास, हे मला बघवत नाही. फक्त गल्लत होऊ नये म्हणून सोड्याच्या ग्लासात गवती चहाची काडी ठेवा आणि घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. गाडी घेऊन आलेल्याला हाच ग्लास द्या.

सोबत काहीतरी खारट, कुरकुरीत हवं. कोथिंबीर वडी छान, पण घरात मासे चालत असतील तर बोंबील फ्रायला तोड नाही. रव्याचं कुरकुरीत आवरण, आत लोण्यासारखा मासा आणि त्यावर हा आंबट घोट. तळणीचा तेलकटपणा जिभेवरून निघून जातो आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

बाटलीत वाइन उरली तर स्पार्कलिंगसाठी मिळणारं पकडीचं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तोंडात स्टीलचा चमचा अडकवून काही होत नाही. सरबत फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. दुपारच्या उन्हातून कुरिअरवाला वर आला, की त्यातलंच दोन चमचे, गार पाणी आणि चिमूटभर जिरेपूड.