कॅश क्लिअर करा म्हणजे पैसे नव्हेत

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला मी फोनवर म्हटलं, "दादा, जरा कॅश क्लिअर करा." ते तडकलेच. "अहो, पेमेंट कालच केलं ना तुम्हाला!" मी म्हणत होतो ती कॅश (cache) वेगळी: पान पटकन दिसावं म्हणून ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रती.

मी नाशिकरोडला घरूनच लिलावाचे भाव दाखवणारं एक छोटं वेब ॲप चालवतो. त्या दिवशी दादांना कालचाच भाव दिसत होता. चूक माझी. भावासोबत सर्व्हर हेडरमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचनांत, 'मॅक्स-एज ८६४००' पाठवत होता. ८६४०० सेकंद म्हणजे २४ तास, तोवर ब्राउझर जुनी प्रत बिनधास्त दाखवतो.

म्हणून पुसापुशी करण्याआधी शिळं कुठे साचलंय ते बघा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि 'साइझ'चा रकाना वाचा. तिथे 'डिस्क कॅश' किंवा 'मेमरी कॅश' दिसलं तर दोष हेडरचा. 'सर्व्हिस वर्कर' (साइटने ब्राउझरमध्ये बसवलेली, स्वतःचा साठा ठेवू शकणारी स्क्रिप्ट) दिसलं तर बहुधा त्यानेच जुनी प्रत धरून ठेवलीय. यातलं काहीच नसेल, तर सर्व्हरच शिळं वाढतोय.

गिऱ्हाइकाच्या फोनवर तात्पुरता इलाज करायचा तर एक सांभाळा. 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' पुसून सर्व्हिस वर्करचा साठा जात नाही, तो 'साइट डेटा'त मोडतो. आणि साइट डेटा पुसला की लॉगिन जातं, रेंज नसताना भरलेल्या आणि सर्व्हरला न पोचलेल्या नोंदीही जातात. हे मी एकदा शिव्या खाऊन शिकलोय.

खरं काम आपल्याकडचं. सीएसएस, जावास्क्रिप्टच्या फाइलींच्या नावात बिल्डच्या वेळी हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा छोटा कोड, घाला आणि त्यांना खुशाल वर्षभराची, ३१५३६००० सेकंदांची मुदत द्या. मजकूर बदलला की नावच बदलतं. मुख्य एचटीएमएल आणि भाव यांना मात्र 'नो-कॅश'. नावावर जाऊ नका: प्रत ठेव, पण दाखवण्याआधी मला विचार, असा त्याचा अर्थ. अजिबात ठेवू नको म्हणायचं तर 'नो-स्टोअर'. मी 'नो-कॅश'सोबत ईटॅग, म्हणजे त्या प्रतीची ओळखखूण, देतो. भाव तोच असेल तर सर्व्हर नुसता ३०४, म्हणजे 'बदल नाही', म्हणतो, मजकूर पुन्हा जात नाही. मार्केट यार्डातल्या रडक्या नेटवर्कला तेवढंच झेपतं.

सर्व्हिस वर्कर असेल तर साठ्याच्या नावाला आवृत्ती जोडा आणि नवा वर्कर 'ॲक्टिव्हेट' होताना जुने साठे काढून टाका.

सर्व्हरवर रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा झटपट साठा) असेल तर नवा भाव डेटाबेसात जाताच त्यातली तेवढ्याच भावाची नोंद (key) उडवा. शिवाय पाच-दहा मिनिटांची मुदतही ठेवा, उडवायचं राहिलं तरी निभावतं. घाईत 'फ्लश-ऑल', म्हणजे सगळंच पुसणारी आज्ञा, मारू नका. सेशन, म्हणजे लॉगिनच्या नोंदी, तिथेच असतील तर सगळे एकदम लॉगआउट होतात.

आणि भावाखाली त्याची वेळ छापा. आता दादांचा फोन येतो तो असा: "तुमचा भाव दहा चाळीसचा आहे, इथे अकरा वाजलेत."